फक्त प्लेस लावा, जावईबापू

नाशकात रेसकोर्स नाही. इथे घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, डीजेच्या भिंतीपुढे जीव मुठीत धरून उभा असलेला, आणि त्याच्या पाठीवर त्याहून घाबरलेला नवरदेव. जिल्ह्यातलं घोड्यांचं खरं गाव येवला. तिथल्या मंगळवारच्या बाजारात गिऱ्हाईक आधी अंगावरचे भोवरे बघतं, गळ्याशी देवमण आहे का ते चाचपतं, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं तर पंचकल्याणी म्हणून मनातल्या मनात खूश होतं, जबडा उघडून दात बघतं आणि पाऊण तास 'परवडत नाही' म्हणत शेवटी घोडा घेऊन जातं. घोडा पळतो किती, हे फारसं कुणी विचारत नाही. नाचतो का, हे मात्र विचारतात.

अशा निष्पाप जिल्ह्यात माझ्या बायकोचे मामा निवृत्तीनंतर राहायला आले. गिरगावातली खोली विकून, हवा चांगली म्हणून, आमच्याच इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये. येताना चार ट्रंका, एक आरामखुर्ची आणि चाळीस वर्षांच्या रेसच्या शब्दांचा साठा घेऊन आले. ट्रंका त्यांच्या घरात राहिल्या. शब्द आमच्याकडे आले.

मामा रेस खेळत नाहीत. खेळतात ते अडाणी. मामा रेसचा अभ्यास करतात. या अभ्यासापायी त्यांचा प्रॉव्हिडंट फंड किती उरला, हे मामींनाही नीट माहीत नाही. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या रेसक्लबच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तो मामांना आरतीसारखा पाठ आहे. मामी पैशांचा विषय काढू लागल्या की मामा निकाल काढतात.

"कोर्टाने कौशल्य म्हटलंय," मामा म्हणतात.

"कोर्टाने तुमचं बघून नाही म्हटलं," मामी म्हणतात.

आधी आधी आम्हाला गंमत वाटायची. मुलीचा गणिताचा पेपर झाला, तर मामा तिचा चेहरा बघून म्हणाले, "विन नाही, पण प्लेस नक्की." बायकोने उपासाला साबुदाण्याची खिचडी केली, ती जरा चिकट झाली. मामांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज गोइंग जड आहे." गोइंग म्हणजे धावपट्टीची अवस्था, पाऊस पडून गेला की ती जड होते, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक? बायकोला वाटलं, मामांचं पोट बिघडलंय. तिने लगेच ओवा दिला. तोही त्यांनी खाल्ला.

प्रकरण हाताबाहेर गेलं ते पुतण्याच्या कांदेपोह्यांच्या वेळी. मुलीकडची मंडळी भली, बोलणी छान चाललेली. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "याआधी कुठे जमत आलं होतं का?"

"छे छे!" मामा पुढे सरसावले. "मुलगा मेडन आहे."

मुलीच्या वडिलांचा चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे अजून एकदाही जिंकलेला नाही," मामांनी समजावून सांगितलं. "बऱ्याच वेळा पळाला. आला नाही. माझ्या मते अंतर चुकतंय. आतापर्यंत नाशिक आणि सिन्नर एवढंच पळवलं. लांब पल्ल्याला घालून बघायला हवा. आणि नजर जरा इकडेतिकडे जाते, त्याला ब्लिंकर्स लावले की सुधारेल."

मंडळी 'कळवतो' म्हणून उठली. दार लागल्यावर मामा म्हणाले, "विड्रॉन."

त्या रात्री बायको मला म्हणाली, "अहो, मामांना बदलता येणार नाही. तुम्ही ते शब्द शिकून घ्या. म्हणजे पुढच्या वेळी निदान वेळेत खोकता तरी येईल." अशा रीतीने, केवळ वेळेत खोकता यावं म्हणून, मी बँकेतून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस घोड्यांच्या शर्यतीचे शब्द शिकायला बसलो.

शिकवणी मामांच्या बाल्कनीत, संध्याकाळी, समोर पांडवलेण्यांचा डोंगर. पहिल्याच दिवशी मला कळलं की घोड्याचं वय ही भानगड आपल्या ओळखीची आहे. शर्यतीचा घोडा फेब्रुवारीत जन्मो नाहीतर एप्रिलमध्ये, कागदोपत्री तो १ जानेवारीलाच एक वर्षाने मोठा होतो. सगळ्यांचा वाढदिवस एकच. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या पिढीतली निम्मी माणसं शाळेच्या दाखल्यावर १ जूनलाच जन्मलेली आहेत. गुरुजींनी पोरांचं केलं, क्लबने घोड्यांचं केलं.

हँडिकॅपही लगेच समजला. जो घोडा चांगला पळतो त्याचं रेटिंग वाढतं आणि मग त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून. जो रडतखडत पळतो त्याला हलकं वजन. हेतू हा की शेवटी सगळे एका रेषेत यावेत. आमच्या बँकेत ही पद्धत माझ्या उभ्या नोकरीत चालू होती. जो काम करायचा त्याच्या टेबलावर आणखी फायली, आणि जो करायचा नाही तो चारला चहा प्यायला बाहेर. फक्त आमच्याकडे तिला नाव नव्हतं आणि शेवटी सगळे एका रेषेत आले ते निरोप समारंभाच्या फोटोत.

अडलं ते भावाशी. मामा म्हणाले, "फेवरेट इव्हन मनी आहे, दुसरा दोनास एक, तिसरा तीनास एक. सोप्पं आहे."

बँकवाला म्हटल्यावर आकडा दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. इव्हन म्हणजे शंभर लावले तर शंभर जिंकायचे आणि आपले शंभर परत. दोन वेळा लावून एकदा आला तर हिशेब बरोबरीत, म्हणजे शक्यता ५० टक्के. दोनास एक म्हणजे शंभराला दोनशे. तीन वेळांत एकदा यायला हवा, ३३ टक्के. तीनास एक म्हणजे चार वेळांत एकदा, २५ टक्के. मी तिन्हींची बेरीज केली. पुन्हा केली. मग मामांपुढे वही सरकवली.

"मामा, तीनच घोडे धरले तर बेरीज १०८ येते. शंभर यायला हवी."

"बरोबर आहे."

"बरोबर कसं? वरचे आठ कुणाचे?"

"बुकीचे," मामा शांतपणे म्हणाले. "त्याला मुलंबाळं नाहीत का?"

"म्हणजे कुठलाही घोडा आला तरी..."

"जावईबापू," मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "म्हणून तर अभ्यास करायचा असतो."

मी गप्प बसलो. चाळीस वर्षं हा माणूस दर रविवारी १०८ च्या पाढ्यात शंभराचं उत्तर शोधत होता आणि तरीही आनंदी होता. मला नोकरीत ताळेबंदात आठ आण्यांचा फरक आला तरी झोप लागायची नाही.

टोटची गोष्ट वेगळी. तिथे बुकी नाही. लावणाऱ्या सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जातात, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. त्यामुळे तिकीट घेताना भाव काय मिळणार हे कुणालाच पक्कं ठाऊक नसतं. तो शर्यत झाल्यावर जाहीर होतो, दहा रुपयांमागे अमुक रुपये असा. ही युक्ती १८६७ साली पॅरिसच्या जोसेफ ओलेर नावाच्या गृहस्थांनी काढली. याच गृहस्थांनी पुढे १८८९ मध्ये भागीदारीत मुलाँ रूज हे नाचगाण्याचं जगप्रसिद्ध ठिकाण उघडलं. माणसाच्या खिशातले पैसे कुठल्या वाटांनी बाहेर पडतात, यावर ओलेरसाहेबांचा अभ्यास मामांहून सरस होता एवढं नक्की. सरकारही या अभ्यासात मागे नाही. २०१७ पासून रेसच्या पैजांवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. कुठलाही घोडा आला तरी दिल्ली पहिली येते.

विन म्हणजे पहिला, प्लेस म्हणजे पहिल्या दोघा-तिघांत. इथपर्यंत मी टिकलो. मग मामा टनालावर आले. पहिले तीन घोडे, त्याच क्रमाने, ओळखायचे. मी पुन्हा वही काढली. दहा घोडे पळत असतील तर पहिल्या तिघांचे क्रम ७२० होतात. जॅकपॉटमध्ये लागोपाठ पाच शर्यतींतले विजेते सांगायचे. प्रत्येकीत दहा घोडे धरले तर एक लाख शक्यता.

"मामा, एक लाखात एक!"

"आपण काय एकच तिकीट घेणार आहोत?" मामा म्हणाले. "चार घेऊ."

शब्द शिकून झाले, आता प्रात्यक्षिक हवं, असं मामांनी ठरवलं. रेस बघायची तर दोन वाटा. पुण्याचं मैदान १८३० पासूनचं, पण तिथला मोसम पावसाळ्यातला. दिवस थंडीचे होते, म्हणजे मुंबईला महालक्ष्मी. प्रश्न घरच्या परवानगीचा होता. तो मामांनी एका वाक्यात सोडवला. सकाळी पोहे खाताना ते बायकोला म्हणाले, "पोरी, रविवारी जावईबापूंना घेऊन महालक्ष्मीला जाऊन येतो म्हणतो."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, तुम्हाला देवाचं सुचलं!" ती म्हणाली आणि शनिवारी रात्री तिने एक पिशवी भरून दिली. खण, नारळ, हळदीकुंकवाच्या पुड्या, तांदूळ, हिरव्या बांगड्या आणि वेणी. शिवाय ताकीद, की येताना प्रसाद हवाच, खालच्या मजल्यावरच्या तीन घरांना सांगून ठेवलंय.

पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडली. कसारा घाट उतरेपर्यंत मामांनी रेसच्या पुस्तकावर लाल, निळ्या आणि हिरव्या पेन्सिलींनी इतक्या खुणा केल्या की छापलेलं काही वाचता येईना. कोण कुठल्या अंतराला किती वजन घेऊन कितवा आला होता, जॉकी बदललाय का, सकाळच्या सरावात कसा पळाला. समोर बसलेल्या बाईंनी आदराने विचारलं, "पत्रिका जुळवताय का?" मामा म्हणाले, "हो. पण छत्तीस गुण कुणाचेच जुळत नाहीत."

महालक्ष्मी स्टेशनपासून मैदानापर्यंत आम्हाला टिपा मिळत गेल्या. टिप ही वस्तू मोठी चमत्कारिक. ती नेहमी तबेल्यातल्या कुणाच्या तरी ओळखीच्या कुणाकडून आलेली असते, कानात सांगायची असते, आणि फक्त आपल्यालाच सांगितलेली असते. पानवाल्याने तीन नंबर सांगितला. टॅक्सीवाल्याने सहा. एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी इकडेतिकडे बघून पाच नंबर सांगितला आणि 'कुणाला बोलू नका' म्हणून पुढच्या माणसाकडे गेले. दारापर्यंत पोचलो तेव्हा पहिल्या शर्यतीतले आठांपैकी सहा घोडे नक्की पहिले येणार होते. उरलेल्या दोघांची मला दया आली.

दारावर पिशवीची तपासणी झाली. शिपाई सज्जन होता. त्याने खण बघितला, बांगड्या बघितल्या, नारळ हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "काका, बाकीचं असू द्या. नारळ आत नको. लोक रागावतात हो शर्यत झाल्यावर." मग स्वतःच तोडगा काढला. नारळ त्याच्या खुर्चीखाली ठेवायचा, जाताना न्यायचा. आम्ही खणाबांगड्यांची पिशवी घेऊन आत गेलो, आणि वेणीचा वास सुटल्यामुळे असेल, आमच्यामागे दोन माणसं यायला लागली. शेवटी एकाने विचारलंच, "ओटी कुठल्या नंबरसाठी आहे?"

मैदान मात्र बघत राहावं असं. १८८३ सालचं. हिरवंगार गवत, जुने स्टँड, पलीकडे टॉवरांची भिंत. फेब्रुवारीत इथेच इंडियन डर्बी पळवतात, २४०० मीटरची. १९४३ साली पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने मारली, हे मामांनी असं सांगितलं की घोडी त्यांच्या नात्यातली असावी. २०२४ मध्ये इथल्या सुमारे २११ एकरांतली १२० एकर जागा बागेसाठी महापालिकेकडे द्यायचं ठरलं, त्याचं मात्र मामांना दुःख आहे. "माझे जेवढे पैसे इथे गेलेत," ते म्हणाले, "त्या हिशेबात यातले चार गुंठे तरी मला विचारून द्यायला हवे होते."

मी शर्यतीआधी पॅडॉकपाशी उभा राहिलो. घोडे गोल फिरत होते, अंगावरची कातडी तेल लावल्यागत चमकत होती, मोतद्दार लगाम धरून चालत होते. मामा घोड्याचे कान, चाल, घाम बघत होते. मला येवल्याच्या बाजारामुळे सवय, मी भोवरे शोधत होतो. चौथ्या नंबरचा घोडा माझ्याजवळून जाताना थांबला, त्याने माझ्या हातातल्या पिशवीचा वास घेतला आणि वेणीतली दोन शेवंतीची फुलं खाल्ली.

"मामा, चार नंबर!" मी म्हणालो.

"वेडे आहात का? वजन जास्त, ड्रॉ म्हणजे सुटायची जागा बाहेरची, अंतर बाराशे मीटर. म्हणजे जेमतेम सहा फर्लाँग. त्याला हजार मीटरच झेपतं."

"मामा, देवीच्या ओटीतली फुलं खाल्ली त्याने."

मामा विचारात पडले. चाळीस वर्षांच्या अभ्यासात हा रकाना नव्हता. शेवटी म्हणाले, "तुम्ही नवखे आहात. विन नको. फक्त प्लेस लावा, जावईबापू." मी टोटच्या खिडकीवर शंभर रुपयांचं प्लेसचं तिकीट काढलं. तेवढ्यात आठातला एक घोडा आधीच बाद झाल्याचं मामांच्या लक्षात आलं. सात उरले. आणि सात असले की प्लेस दोघांनाच मिळते, तिसऱ्याला काही नाही. हा नियम मामांनी मला तिकीट काढल्यावर सांगितला. तिकीट त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं, कारण मी नवखा, हरवीन.

शर्यत सुटली. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आत संपते. तिच्यासाठी आम्ही पहाटे उठलो होतो. शेवटच्या दोनशे मीटरला हजारो माणसं एकाच वेळी वेगवेगळ्या घोड्यांची नावं ओरडत होती, मामा वाघासारखे गरजत होते, मी ओटीची पिशवी डोक्यावर धरून काहीतरी ओरडत होतो. आमचा चार नंबर तिसरा आला. दुसऱ्यापासून शॉर्ट हेडने. शॉर्ट हेड म्हणजे डोकंसुद्धा पुरतं नव्हे, त्याचा थोडासा भाग. त्या घोड्याचं नाव मी लिहीत नाही, त्यालाही प्रतिष्ठा आहे.

आणि मग सुरू झालं ते शर्यतीपेक्षा रंगतदार होतं. माझ्या डावीकडचा माणूस म्हणाला, वजनाने मारलं. उजवीकडचा म्हणाला, ड्रॉने मारलं. मागचा म्हणाला, जॉकीने उशिरा काढला. एक पारशी बावाजी म्हणाले, गोइंग. सुटाबुटातले गृहस्थ म्हणाले, "मी तुम्हाला चार नंबर म्हणालो होतो ना?" त्यांनी मला पाच सांगितला होता. एवढ्या गर्दीत 'मी हरलो' असं म्हणणारा एकसुद्धा माणूस मला भेटला नाही. प्रत्येकाचे पैसे गेले होते आणि प्रत्येकाचा अंदाज बरोबर होता. मी तीस-पस्तीस वर्षं बँकेत कर्जवसुली बघितली, पण बुडालेल्या रकमेचं इतकं सविस्तर आणि समाधानी स्पष्टीकरण मला एकाही कर्जदाराने दिलं नव्हतं.

मामांनी तर भाषणच सुरू केलं. बोलण्याच्या भरात त्यांनी खिशातून आमचं तिकीट काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि हवेत उडवले.

त्याच क्षणी लाउडस्पीकर बोलला. ऑब्जेक्शन. दुसऱ्या आलेल्या घोड्याने शेवटच्या टप्प्यात आमच्या घोड्याला आडवं जाऊन अडवलं अशी तक्रार. पंचांची चौकशी होईपर्यंत कुणीही तिकिटं फाडू नयेत.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघत राहिलो. जमिनीवर फाटक्या तिकिटांचा नुसता सडा पडलेला. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक वाकून, मग बसून, मग चक्क गुडघ्यांवर येऊन तुकडे गोळा करत होतो. मामांनी चष्मा लावला. आजूबाजूचे दोन-तीन जण मदतीला आले, ते त्यांचीच तिकिटं शोधत होते हे नंतर कळलं. ऑब्जेक्शन मान्य झालं. आमचा घोडा दुसरा ठरला. प्लेसचा भाव जाहीर झाला : दहा रुपयांना चौदा. म्हणजे आमचे शंभराचे एकशे चाळीस. तोवर आमच्याकडे आमच्या तिकिटाचे तीन तुकडे आणि दुसऱ्या कुणाच्या तरी टनालाचे सात तुकडे जमले होते.

"बघा," मामा गुडघे झाडत म्हणाले, "आपला अभ्यास बरोबर होता."

बाकीच्या शर्यतींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मामांच्या चार जॅकपॉटांपैकी चारही पहिल्याच पायरीवर गेले. मी पुढे काही लावलं नाही, कारण उरलेल्या पैशांत प्रसाद घ्यायचा होता. शिपायाने खुर्चीखालचा नारळ काढून दिला, वर विचारलं, "आला का?" मी म्हणालो, "आला, पण तिकीट फाटलं." तो म्हणाला, "रोज एक तरी असतोच."

मंदिरात रविवारची गर्दी. दोन रांगा. मामा थांबले, दोन्हींकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडची आतून आहे, वळणावर अंतर वाचेल." डावीकडच्या रांगेत पुढे एका कुटुंबाची बावीस माणसं होती. ती उजवीकडच्या रांगेतल्यांनी आधी पाहिली होती. दर्शन झालं, ओटी भरली (दोन फुलं कमी), प्रसाद घेतला. आणि पंचवटी चुकली.

रात्रीच्या पुढच्या गाडीत जनरल डब्यात कसंबसं टेकायला मिळालं. शेजारी एक द्राक्षबागाईतदार, निफाडकडचे, पांढरी टोपी, कुणाच्या तरी लग्नाहून परत निघालेले. मामांच्या हातातलं रंगीत पुस्तक बघून त्यांनी ओळखलं.

"मामा, वाईट नाद बघा हा," ते म्हणाले. "आमच्याकडे एकाने यापायी दोन एकर वावर घालवलं. माणसाने भरवशाच्या गोष्टीत पैसा घालावा."

"तुमचा कशात आहे?" मामांनी विचारलं.

"द्राक्षात."

मग गाडी कल्याणहून सुटल्यापासून इगतपुरी येईपर्यंत ते त्या भरवशाविषयी सांगत होते. एका साली ऐन माल भरलेला असताना गारपीट झाली. पुढच्या साली अवकाळीने मणी तडकले. त्याच्या पुढच्या साली माल असा उतरला की नजर लागावी, तर व्यापारी गाडी भरून घेऊन गेला तो गेलाच, फोन बंद. औषधांची उधारी दुकानात, सोसायटीचं कर्ज वेगळं. पण चूक कुठे झाली, ते त्यांना प्रत्येक सालचं नक्की सांगता येत होतं. एकदा छाटणी आठ दिवस लवकर झाली. एकदा फवारणीला उशीर झाला. एकदा व्यापारी नवा धरला.

"आणि यंदा?" मी विचारलं.

"यंदा पक्कं आहे. यंदा माल एक्स्पोर्टचा."

मामांनी हिरवी पेन्सिल काढली. "भाव काय मिळेल?"

"ते आता कसं सांगणार? तोडणीच्या दिवशी कळतो."

"म्हणजे लावताना कळत नाही?"

"नाही."

"वर्षभर पैसे घालता आणि भाव शेवटी कळतो?"

"मग? शेती आहे ती."

मामांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे वळून, बऱ्याच आदराने म्हणाले, "जावईबापू, हे टोटवर खेळतात."

बागाईतदार हसले. थोडा वेळ खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघत बसले. मग त्यांनी टोपी सारखी केली, मामांच्या जवळ सरकले आणि आवाज उतरवून विचारलं, "येत्या रविवारी कोण येतंय, काही अंदाज?"

समोरच्या बाकावरचा पत्त्यांचा डाव थांबला. वरच्या फळीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलून कान आमच्याकडे केला. मामांनी सावकाश सगळ्यांकडे पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "चालत्या गाडीत टिप देत नसतात. नाशिक रोडला उतरल्यावर विचारा, चहा तुमच्याकडे."